चाळीस मिनिटांत लेथ शिकवता येत नाही

व्यवसाय शिक्षणाच्या संस्थेत वेळापत्रक कोण बनवतं? ज्याला बैठकीत नाही म्हणता आलं नाही, तो. आमच्याकडे ते काम यंत्र विभागाकडे, म्हणजे माझ्याकडे आलं, आणि सोबत आधीच्या माणसाची फाइल आली. फाइलमध्ये ४० मिनिटांच्या आठ तासिका, मधली सुट्टी आणि वर्कशॉपला जोडतास, म्हणजे सलग दोन तासिका. साध्या शाळेचं असतं तसंच वेळापत्रक. कुणीतरी कधीतरी भूगोल खोडून फिटिंग आणि इतिहास खोडून वेल्डिंग लिहिलं होतं, एवढाच फरक.

मला त्यात फक्त दोन नव्या तुकड्या बसवायच्या होत्या. पुढे जे झालं ते लिहिते आहे. प्रशासन लवचीक हवं यावर बैठकीत सगळ्यांच्या माना हलतात. प्रत्यक्ष करायला बसलं की काय काय उपसावं लागतं, कोण अडतं आणि कुणाचं अडणं रास्त असतं, ते मात्र कुठे लिहिलेलं सापडत नाही.

आधी लेथचं, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून कापायच्या यंत्राचं सांगते, कारण दुखणं तिथे उघडं दिसतं. जोडतास ८० मिनिटांचा. मुलं येतात, ॲप्रन-बूट चढवतात, टूलरूमच्या खिडकीसमोर रांग लागते. मायक्रोमीटर, डायल (काट्याचं मापक), चकची म्हणजे लेथच्या पकडीची किल्ली, सगळं सही करून घ्यायचं. मग जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो धातूचा तुकडा, बांधायचा. चार जबड्यांच्या चकमध्ये प्रत्येक जबडा वेगळा सरकतो. डायलचा काटा जॉबला टेकवायचा, चक हाताने फिरवायचा, काटा कुठे जास्त पळतो ते बघायचं, समोरचा जबडा किंचित सैल करून इकडचा आवळायचा, पुन्हा फिरवायचा. मुरलेला टर्नर हे गप्पा मारता मारता करतो. नव्या मुलाची निम्मी तासिका त्यातच जाते, आणि जायलाच हवी. हाताला ते हळूहळूच कळतं. मग फेसिंग, म्हणजे टोक सपाट करणं, एक-दोन कट, एकदा माप, की घंटा. दुसरी तुकडी दारात उभी. जॉब सोडा, चिप्स झाडा, कूलंट पुसा, हत्यारं परत करा.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी. काल फिरवलेला, म्हणजे कापून गोल केलेला, व्यास आज नव्याने बांधल्यावर सरळ फिरत नाही, काटा पुन्हा पळतो. ड्रॉइंगवर दोन व्यासांच्या समकेंद्रितेची, म्हणजे दोन्हींचा मध्य एकच असण्याची, मर्यादा समजा ०.०५ मिलिमीटर दिली आहे. दोन्ही व्यास एकाच बांधणीत फिरवले तर ती नवख्यालाही मिळते, कारण दोन्हींचा अक्ष एकच असतो, चक फिरवणाऱ्या स्पिंडलचा. मध्ये जॉब सोडला की तेच काम वरच्या इयत्तेचं होऊन बसतं. म्हणजे घंटेमुळे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलाकडून शेवटच्या वर्षाचं कसब मागत होतो, आणि जमलं नाही की त्याच्या वहीत ‘अचूकता कमी’ असा शेरा मारत होतो. वर्षानुवर्षं.

मला वाटलं हे आमच्याच विभागाचं रडगाणं असेल. म्हणून बाकीच्या विभागांत जाऊन बसले.

वेल्डिंगमध्ये कमी हायड्रोजनचे रॉड असतात. त्यांना ओल चालत नाही. ओलीतून आलेला हायड्रोजन जोडात शिरतो आणि जोड थंड झाल्यावर तडा जाऊ शकतो. म्हणून पाकीट फोडलं की रॉड निदान १२० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये ठेवायचे. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या पोलादी बांधकामांच्या संहितेप्रमाणे साधा ७०१८ जातीचा रॉड ओव्हनबाहेर ४ तासांपेक्षा जास्त उघडा ठेवायचा नाही. इकडे आमचा नियम असा, की शेवटच्या तासानंतर वर्कशॉपचा मेन स्विच बंद. विजेची बचत आणि आगीची भीती, दोन्ही कारणं खरीच. पण ओव्हन रात्रभर थंड पडायचा. दिवसा फळ्यावर ओलीचे तोटे शिकवायचे आणि संध्याकाळी तीच ओल रॉडमध्ये भरू द्यायची.

बांधकाम विभागात काँक्रीटचे क्यूब ७ आणि २८ दिवसांनी दाबून बघतात. दोन्ही आकडे सातच्या पटीतले, त्यामुळे मंगळवारी भरलेला क्यूब मंगळवारीच फुटतो, रविवार आड येत नाही. हे ठरवणाऱ्याला आमच्यासारख्यांची दया आली असावी. पण मध्ये सलग सुट्ट्या आल्या की प्रयोगशाळा कोण उघडणार? मग क्यूब ३३व्या दिवशी फुटायचा आणि मुलं जर्नलमध्ये २८ लिहायची. खोटं लिहायला शिकवणारा विभाग म्हणून आमची कुठे नोंद नाही, हे नशीब.

हॉटेल-स्वयंपाकघराच्या विभागाचं तर सांगूच नये. त्या धंद्याचा कस लागतो संध्याकाळी, गिऱ्हाईक भरल्यावर. संस्था बंद होते दुपारी. आणि रुग्णसेवेच्या मुलींना पाळी बदलतानाची ती पंधरा-वीस मिनिटं कधी बघायलाच मिळायची नाहीत, जेव्हा जाणारी परिचारिका येणारीला एकेका पेशंटची हकीकत सांगते. माझ्या मते त्या कामातलं सगळ्यात मोलाचं शिक्षण तेच. आमची गाडी मात्र पाळी बदलण्याच्या आधी त्यांना घेऊन परत यायची, कारण पाचवी तासिका संस्थेत होती.

हे सगळं जमवल्यावर मी निदेशकांना, म्हणजे वर्कशॉपमध्ये शिकवणाऱ्यांना, एका कागदावर एकच गोष्ट लिहून द्यायला सांगितली, नाव न घालता: रोज कोणता नियम मोडता?

त्या कागदांनी माझी समजूत बदलली. ओव्हन खरं तर बंद पडतच नव्हता, निदान काही दिवस तरी. रखवालदाराच्या खोलीतून वायर ओढून तो चालू ठेवला जायचा. भांडारातून कार्बाइडच्या टिप्स, म्हणजे लेथच्या हत्याराची कापणारी टोकं, आधी घेतल्या जायच्या, मागणीपत्र शनिवारी लिहिलं जायचं. स्वयंपाकघराचे निदेशक दर आठवड्याला एक ‘शैक्षणिक भेट’ दाखवून मुलांना संध्याकाळच्या पाळीला नेत होते. लेथवर चांगला जॉब चढला असेल तर शेजारच्या वर्गाला निरोप जायचा, “आज तुमचा तास मला द्या, परवा माझा घ्या.”

म्हणजे आमचं प्रशासन लवचीक होतंच. फक्त ते ओळखीवर चालत होतं. ज्याचं भांडारपालाशी जमतं त्याच्या मुलांना धारदार टिप्स, ज्याचं जमत नाही त्याची मुलं बोथट टिपने पृष्ठभाग खरवडत बसायची. नव्याने लागलेली निदेशक, जिची अजून कुणाशी ओळख नाही, ती नियमाप्रमाणे वागायची आणि तिच्याच तुकडीचा निकाल पडायचा. वर काही अपघात झाला असता तर ती ओढलेली वायर कुणाच्या गळ्यात पडली असती? तेव्हा नवीन सूट देण्याची गरज फार थोडी होती. जी सूट मेहेरबानी म्हणून मिळत होती ती हक्काची करायची, कागदावर आणायची आणि तिला जबाबदार माणूस नेमायचा, एवढंच काम होतं. ‘एवढंच’ म्हणते, पण सगळा त्रास त्यातच होता.

प्रस्ताव लिहायचा तर इतर ठिकाणी काय करतात ते बघणं आलं. जर्मनीत शिकाऊ कामगार कारखान्यात आणि व्यवसाय शाळेत असा दोन्हीकडे शिकतो. काही धंद्यांत आठवड्याचे एक-दोन दिवस शाळा, काहींत सलग काही आठवडे शाळा आणि मग सलग कारखाना. कोणती पद्धत घ्यायची ते धंदा बघून ठरतं. पण त्याला शाळेसाठी सोडणं मालकाच्या मर्जीवर नाही. १९६९च्या व्यवसाय शिक्षण कायद्याने ते बंधनकारक केलं आहे, आणि २०२०च्या सुधारणेपासून आठवड्यातून एकदा पाचपेक्षा जास्त तासिकांचा शाळेचा दिवस हा सगळ्याच शिकाऊंसाठी पूर्ण कामाचा दिवस धरला जातो. हे वाचताना मला आमच्या त्या वायरची आठवण झाली. तिथली सूट कायद्याच्या खिळ्याने ठोकलेली आहे. नेदरलँड्समध्ये कामावर आधारलेल्या शाखेत साधारण चार दिवस काम आणि एक दिवस शाळा. स्वित्झर्लंडमध्ये कारखाना आणि शाळा यांच्या जोडीला तिसरी जागा आहे, त्या त्या धंद्याच्या संघटनांनी चालवलेले सामायिक अभ्यासवर्ग. एकट्या छोट्या कारखान्यात जे शिकवता येत नाही ते तिथे.

सगळ्यात पुढे गेला तो फिनलंड. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने तिथे वर्षभर केव्हाही प्रवेश घेता येतो, प्रत्येक विद्यार्थ्याचा वेगळा आराखडा बनतो, आधी येत असलेलं कौशल्य मोजून तेवढं शिक्षण वगळलं जातं, आणि परीक्षा म्हणजे खऱ्या कामावर दाखवलेलं काम. वाचून मी हरखले होते. पण मुलांच्या वाट्याला शिक्षक कमी येतात, आपलं आपण शिकण्यावर फार सोडलं जातं, अशी टीकाही तिथल्याच शिक्षकांनी केली आहे. तो मुद्दा मी प्रस्तावात मुद्दाम घातला. न घालता भागलं असतं, पण मग बैठकीत तो दुसऱ्या कुणी काढला असता.

बैठकीत विरोध झाला तो मात्र वेगळ्याच बाजूने. मला धास्ती होती कार्यालयाची. उभ्या राहिल्या गणिताच्या मॅडम. माझ्या आराखड्यात वर्कशॉपला पूर्ण दिवस दिले होते आणि गणित, भाषा वगैरे विषय आठवड्याच्या एका दिवशी सलग. मॅडम म्हणाल्या, “तुमचा जॉब मध्ये सोडता येत नाही हे मान्य. माझं गणित सलग चार तास देता येत नाही, त्याचं काय? आमची पोरं दोन दिवसांत त्रिकोणमिती विसरतात. आठवड्याने भेटलात तर माझा पहिला तास उजळणीतच जाणार.” आणि बरोबर होतं त्यांचं. विसरण्याचा वेग मोजण्याचं काम एबिंगहाउसने १८८५ मध्येच करून ठेवलं आहे, आणि थोडंथोडं अंतराअंतराने केलेलं पाठांतर एका दमात केलेल्यापेक्षा जास्त टिकतं, हे त्यालाही दिसलं होतं. एका विषयाला वाकवायचं म्हणून सगळ्यांना एकाच दिशेने वाकवलं तर तो नवा ताठरपणाच. शेवटी ठरलं असं, की गणित आणि भाषा रोज सकाळी, जुन्याच ४० मिनिटांच्या तासिकेत, आणि त्यानंतर दिवस विभागाचा. विभागाने त्याचे तुकडे करावेत किंवा करू नयेत.

कार्यालयाची हरकत हजेरीची होती. तासिका नाहीत तर हजेरी कशावर मांडायची? लेखापरीक्षणात काय दाखवायचं? मी मोठमोठी वाक्यं तयार ठेवली होती, ती वापरावी लागली नाहीत. हेडक्लार्क भाऊसाहेबांनी आमचं जॉबकार्ड मागितलं, म्हणजे प्रत्येक मुलाच्या हातातला तो पुठ्ठा. त्यावर ड्रॉइंगचा नंबर, मशीनचा नंबर, सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ, मिळालेली मापं आणि निदेशकाची सही असते. त्यांनी बराच वेळ तो उलटापालटा केला आणि म्हणाले, “यात भांडारातून किती माल घेतला हा एक रकाना वाढवा. मग मला हजेरीही मिळते आणि सळईचा हिशेबही. आत्ता कुठे जुळतो तो?” इतकी वर्षं स्टॉक रजिस्टर आणि प्रत्यक्ष शिल्लक यांच्यात जी दरी पडायची ती त्यांनी या निमित्ताने बुजवून घेतली. दिवसातून दोनदा मस्टर, बाकी सगळं जॉबकार्डवर. वर्कशॉपच्या आतल्या बाजूला बसणाऱ्या आम्हा लोकांना कार्यालय म्हणजे अडथळा वाटतो. त्यांची अडचण काय ते विचारलं तर निम्मी वाट तेच दाखवतात, असा माझा अनुभव आहे. निम्मीच, बरं का.

खरेदीवर मात्र मोठी रस्सीखेच झाली. टिप तुटली की मागणीपत्र, तीन दरपत्रकं, खरेदी समिती, आणि तोवर मशीन झाकून ठेवलेलं. विभागाच्या हाती छोटी फिरती रक्कम असावी ही मागणी जुनीच होती. मंजूर झाली ती दोन अटींवर: झीज होणारा मालच घ्यायचा, यंत्रं-उपकरणं नाहीत; आणि आधीची पावती जमा झाल्याशिवाय पुढची रक्कम नाही. अटी जाचक नाहीत. उलट त्यांच्यामुळे पैसे हाताळायला निदेशक घाबरत नाहीत.

या सगळ्यात ज्याला हात लावायचा नाही असंही काही ठरवावं लागलं, आणि ते आधी ठरवलं हे चांगलं झालं. ‘आता सगळं लवचीक’ असं कानावर गेलं की कुणाला वाटतं गॉगल ऐच्छिक झाला. वर्कशॉपमध्ये एकट्याने मशीन चालू करायचं नाही, वेळ कोणतीही असो. निदेशक इमारतीत आहे हे पुरत नाही, नजरेच्या टप्प्यात हवा. फिरत्या चकजवळ हातमोजे नाहीत, मोकळे केस नाहीत, लोंबती बाही नाही. एका निदेशकामागे किती मुलं हा आकडा कितीही गर्दी झाली तरी वाढवायचा नाही. आणि मापाची मर्यादा जी ड्रॉइंगवर आहे ती आहे. उशिरा आलेल्याला वेळ जास्त मिळेल, ०.०५ चे ०.१ होणार नाहीत. हे नियम पूर्वीही होतेच, पण पूर्वी इतके फुटकळ नियम मोडावे लागायचे की त्यांच्या गर्दीत हेही मोडले जायचे. कागदावरचे नियम कमी केल्यावर उरलेल्यांचा वचक वाढला. हे मला अपेक्षित नव्हतं.

ओव्हनचं काय झालं? त्याला वेगळी लाइन, वेगळा ब्रेकर आणि त्यावर पाटी. मेन स्विच बंद केला तरी तो चालू राहतो, आणि रात्री तापमान बघून नोंद करायचं काम रखवालदाराच्या कामात लिहून घातलं. त्याच्या खोलीतली वायर गेली. सगळ्या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त रखडलेला बदल हा. तो नेमका कुणाच्या अखत्यारीत येतो हेच ठरेना: विद्युत देखभाल, वेल्डिंग विभाग की सुरक्षा?

परीक्षेच्या बाबतीत आम्ही फिनलंडइतकी उडी मारली नाही. प्रात्यक्षिकाच्या चाचण्या सत्राच्या शेवटी एकदम घेण्याऐवजी मुलगा तयार झाला की घ्यायच्या, एवढंच. लवकर तयार होणाऱ्यांचं कौतुक झालं, पण खरा उपयोग दुसऱ्याच टोकाच्या मुलांना झाला. वेल्डिंगला एक मुलगी होती, घरी लहान मूल, दिवसाचा पहिला अर्धाच भाग येऊ शकायची. जुन्या हिशेबात ती हजेरीतच बाद झाली असती. हात मात्र इतका स्थिर, की उभ्या जोडाचा तिचा नमुना आम्ही वाकवून बघितला तेव्हा एकही तडा दिसला नाही. तिने अभ्यासक्रम इतरांपेक्षा बराच उशिरा पूर्ण केला. प्रमाणपत्रावर कालावधी लिहायचा की नाही यावर वाद झाला. न लिहिण्याच्या बाजूने मी होते, अजूनही आहे. काम देणाऱ्याला जोड कसा आहे ते कळायला हवं, तो शिकायला किती महिने लागले ते कशाला?

कारखान्यांशी आमचं नातं सुधारलं ते ‘शटडाउन’मुळे. मोठे कारखाने वर्षातून काही दिवस सगळं थांबवून यंत्रं उघडतात. गिअरबॉक्स आतून बघायला मिळतो, शाफ्टची झीज हाताला लागते, बेअरिंग ओढून काढताना ते कुठे अडतं ते कळतं. देखभाल शिकणाऱ्या मुलाला याहून चांगली शाळा नाही. पण शटडाउनची तारीख कारखाना ठरवतो, पुष्कळदा आयत्या वेळी. पूर्वी त्यासाठी परवानगीचं पत्र वर जाऊन खाली येईपर्यंत यंत्रं पुन्हा फिरायला लागलेली असायची. आता विभागप्रमुख त्याच दिवशी तुकडी पाठवू शकतो. विमा वर्षाच्या सुरुवातीलाच उतरवलेला असतो, पालकांची संमती प्रवेशाच्या वेळी घेतलेली असते, आणि सोबत निदेशक जातोच. कारखान्याला फुकटचे हात मिळतात म्हणून ते बोलावतात, असा एक आक्षेप येतो. काही अंशी खराही आहे. त्यावर आम्ही जॉबकार्डच लावलं: मुलाने काय उघडलं, काय मोजलं, काय बसवलं. ज्या ठिकाणाहून तुकडी नुसता कचरा झाडून आली तिथे पुन्हा पाठवली नाही.

न सुटलेलं दुखणं निदेशकांच्या तासांचं आहे. शटडाउनला रविवारी जाणारा, क्यूब फोडायला सुट्टीच्या दिवशी येणारा, उशिरापर्यंत जॉबजवळ थांबणारा, तो एकच माणूस असतो, आणि बहुतेक वेळा चांगलाच माणूस असतो. बदली रजा कागदावर आहे. ती घ्यायची तर त्याची तुकडी कोण बघणार? मुलांसाठी जी मोकळीक आली तिचं ओझं त्यांच्यावर पडलं, आणि दोघांनी तर जुनं वेळापत्रक बरं होतं असं तोंडावर सांगितलं. त्यांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रत्येक विभागाला एक जादा निदेशक मिळाला तरच ते सुटेल, आणि तो खर्चाचा प्रश्न आहे, वेळापत्रकाचा नाही.

येत्या सत्रात स्वयंपाकघर विभागाची संध्याकाळची पाळी अधिकृत करायची आहे. ‘शैक्षणिक भेटी’ बंद. गाडी, रखवालदाराची ड्यूटी आणि मुलींना घरापर्यंत सोडण्याची व्यवस्था असा प्रस्ताव तयार आहे. त्यावर पहिला प्रश्न गणिताच्या मॅडमनीच लिहून पाठवला आहे: रात्री दहाला घरी पोचणारी मुलं सकाळच्या पहिल्या तासिकेला जागी कशी राहणार? त्या विभागापुरतं गणित दुपारी न्यावं असं मी सुचवलं आहे. दुपारी मॅडमच्या हाताशी दुसरी तुकडी असते.